कचऱ्यावर पडलेला पाऊस जातो कुठं?

प्रश्न विचारायचे ते बाईंनी आणि उत्तरं द्यायची ती मुलांनी, असा शाळेतला रिवाज. पण कधी कधी एखादं पोर असा प्रश्न विचारतं, की बाईंचीच बोलती बंद होते! गेल्या पावसाळ्यात माझं अगदी तसंच झालं.

चौथीच्या वर्गावर परिसर अभ्यासाचा तास होता. फळ्यावर मी जलचक्र काढलं होतं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस आणि जमिनीत मुरणारं पाणी. निळ्या खडूनं बाणसुद्धा छान काढले होते. "पाऊस पडतो, पाणी जमिनीत मुरतं आणि तेच आपल्या विहिरीला येतं," असं मी म्हणाले मात्र, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, मग माळावरच्या कचऱ्यावर पडलेला पाऊस कुठं जातो?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

तिनं हे का विचारलं, ते सांगते. आमचं गाव उतारावर वसलंय. सगळ्यांत वर देऊळ, त्याच्या खाली माळ, मग शाळा आणि गावठाण, आणि तळाला ओढा. माळावर शेजारच्या शहराचा कचरा डेपो आहे. रोज सकाळी ट्रक भरून येतात आणि रिकामे होऊन जातात. या मुलीचं घर ओढ्याच्या अंगाला, मळ्यात आहे. घरचे सगळे मळ्यातल्या विहिरीचं पाणी पितात. तिचे वडील त्याच पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक पिकवतात आणि बाजारात विकतात. शिवाय तिला तीन महिन्यांचा भाऊ आहे. त्याच्या दुधाची पूड कालवतात तीही त्याच पाण्यात.

म्हणजे प्रश्न नुसता पुस्तकातला नव्हता. मी म्हणाले, "शनिवारी सांगते हं." कारण उत्तर देणारा हुकमी माणूस मला माहीत होता.

मामा, हे तुमचं काम?

माझा एक मावसभाऊ भूगर्भशास्त्र शिकला आणि अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात नोकरीला लागला. तिकडे आपल्या जिल्ह्यासारखा जो भाग असतो, त्याला 'काउंटी' म्हणतात. बऱ्याच काउंट्यांचा स्वतःचा कचरा डेपो असतो. आणि या दादाचं काम काय, ठाऊक आहे? अशा डेपोंच्या आसपासचं जमिनीखालचं पाणी तपासायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा!

शनिवारी आमची सकाळची शाळा. आपल्याकडे शनिवारची सकाळ असते, तेव्हा त्याच्याकडे शुक्रवारची रात्र. मोबाइलवर त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल खुर्चीवर पुस्तकांना टेकवून ठेवला. मुलांच्या दृष्टीनं बाईंचा भाऊ म्हणजे मामाच. "मामा, तुम्ही कचऱ्यात काम करता?" हा पहिला प्रश्न. वर्ग खो खो हसला. तोही हसला आणि म्हणाला, "कचऱ्यात नाही रे, कचऱ्याच्या शेजारी! बरं, मला आधी सांगा, चहा कसा करतात?"

गाळणीत चहाची पूड ठेवायची आणि वरून गरम पाणी ओतायचं. खाली काय येतं? तांबडं पाणी. पूड वरच राहते, पण तिचा रंग, वास, चव पाण्यात उतरते. कचऱ्याच्या ढिगाचंही तसंच. पाऊस वरून पडतो, ढिगातून झिरपत खाली येतो, आणि येताना वाटेत जे जे विरघळेल ते सगळं घेऊन येतो. सडलेल्या अन्नाचे आम्ल पदार्थ, क्षार, अमोनिया, जुन्या बॅटऱ्यांतले धातू, रंगांच्या आणि औषधांच्या डब्यांतले उरलेसुरले थेंब. या काळ्या-तपकिरी, घाण वासाच्या पाण्याला इंग्रजीत 'लीचेट' म्हणतात. मुलांनी त्याला लगेच नाव देऊन टाकलं, 'कचऱ्याचा काढा'. आपणही तेच वापरू.

हा काढा जमिनीत उतरला, की जमिनीखालच्या पाण्याला जाऊन मिळतो. आणि जमिनीखालचं पाणी काही तळ्यासारखं एका जागी बसून नसतं. तेही वाहतं, उंचावरून खाली, आपल्या ओढ्यासारखंच. फक्त फार सावकाश. वाळूच्या थरात ते दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर मीटरभर सरकतं. चिकणमातीत तर वर्षभरात हातभरही हलत नाही.

"मग बरंच की! विहिरीपर्यंत पोचायलाच किती वर्षं लागतील," एक जण म्हणाला.

"तीच तर भीती आहे," मामा म्हणाले. "आज सांडलेलं उद्या दिसलं असतं, तर आपण उद्याच थांबवलं असतं. इथं आज सांडतं आणि दिसतं दहा-वीस वर्षांनी. तोपर्यंत सांडणारे निघून गेलेले असतात आणि पाणी पिणारे तिथंच असतात. शिवाय एकदा खराब झालेलं खालचं पाणी साफ करायलाही तितकीच वर्षं लागतात. म्हणून ते विहिरीत यायच्या आधी, वाटेतच पकडायचं."

वरची विहीर आणि खालच्या विहिरी

अमेरिकेत पूर्वी कचरा टाकायला साधा खड्डा पुरत असे. मग १९७६ साली कचऱ्याविषयी मोठा कायदा झाला आणि १९९१ साली गावागावांच्या कचरा डेपोंसाठी सविस्तर नियम आले. नवा डेपो बांधायचा, तर आधी तळाला २ फूट जाडीची चिकणमाती दाबून बसवायची. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं मजबूत प्लॅस्टिकचं अस्तर. अस्तरावर काढा साचला, तर तो नळांनी बाहेर काढायचा. ३० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षा जास्त उंच तो साचू द्यायचा नाही.

"अस्तर घातलं, मग तपासायचं कशाला?" कुणीतरी विचारलं.

"तुझ्या दप्तराला पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी घालतोस ना? तरी घरी गेल्यावर वही भिजली का ते बघतोसच की!"

बघायचं कसं, तर त्यासाठी डेपोभोवती खास विहिरी खणतात. आपल्या विहिरीसारख्या मोठ्या नव्हेत. जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा नळ जमिनीत खोल उतरवलेला. नळाच्या तळाकडच्या भागाला बारीक चिरा, म्हणजे पाणी आत येईल पण माती येणार नाही. वरच्या भागात नळाभोवती फुगणारी चिकणमाती आणि सिमेंट, म्हणजे पावसाचं वरचं पाणी नळाच्या कडेनं आत घुसणार नाही. आणि तोंडाला चक्क कुलूप! कुणी मुद्दाम किंवा चुकून काही टाकू नये म्हणून.

यातली एक तरी विहीर अशी, की जिथं पाणी अजून डेपोखाली शिरलेलंच नाही. ही 'वरची विहीर'. बाकीच्या डेपो ओलांडून पाणी जिकडं जातं त्या बाजूला, कचऱ्याच्या कडेपासून १५० मीटरच्या आत. या 'खालच्या विहिरी'. वरच्या विहिरीचं पाणी आणि खालच्या विहिरींचं पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, की कळतं. वर नाही आणि खाली आहे, असं काही सापडलं, तर ते वाटेत मिसळलं असणार!

पण पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे कळणार कसं? त्यासाठी निदान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नकोत. तिन्हींमधल्या पाण्याची उंची मोजायची. दोनच विहिरी असतील, तर त्या दोघींत उंच कोण एवढंच कळतं. तिसरी मिळाली, की खरा उतार कुठं आहे ते कागदावर काढता येतं.

फिरायला जाणारी बाटली

मुलांना सगळ्यांत आवडली ती पाणी भरून आणायची पद्धत. मामांनी सांगितली तशी लिहिते.

सकाळी आधी वरच्या, चांगल्या विहिरीवर जायचं आणि मग खालच्या विहिरींवर. उलटं गेलं, तर खालचं खराब पाणी पंपाला लागून वर जायचं! प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. आधी फीत सोडून पाण्याची उंची मोजायची. मग नळात साचून राहिलेलं शिळं पाणी उपसून टाकायचं, नेहमीच्या पद्धतीत नळातल्या पाण्याच्या तिप्पट. (मोठ्या वर्गातल्यांनी हे गणित करून बघा. नळ ५ सेंटिमीटर रुंद आणि त्यात ६ मीटर उंच पाणी असेल, तर उपसायचं किती? उत्तर सुमारे ३५ लिटर.) ताजं पाणी आलं, की बाटल्या भरायच्या.

बाटल्याही निरनिराळ्या. धातू तपासायच्या बाटलीत थोडं आम्ल असतं, म्हणजे धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटत नाहीत. पटकन उडून जाणारे पदार्थ तपासायचे, तर छोट्या ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या. उलटी करून टिचकी मारायची; एक जरी बुडबुडा दिसला तरी नीट भरली नाही, कारण पदार्थ त्या बुडबुड्यात पळून जातो!

आणि एक बाटली तर गंमतीचीच. प्रयोगशाळेतून निघतानाच तिच्यात शुद्ध पाणी भरलेलं असतं. ती पेटीतून सगळीकडे फिरते आणि न उघडता परत येते. तिचं काम काय? जर तिच्याही पाण्यात काही सापडलं, तर समजायचं की दोष विहिरीचा नाही, आपल्या पेटीचा किंवा बाटल्यांचा आहे. "म्हणजे तपासणाऱ्यालापण तपासायचं!" आमची एक मुलगी म्हणाली. अगदी बरोबर.

बाटल्यांवर चिठ्ठ्या, बर्फाची पेटी, आणि पेटीबरोबर एक कागद. बाटल्या कुणी भरल्या, कुणाच्या हातात दिल्या, किती वाजता, सगळ्यांच्या सह्या. मधे कुणी पाणी बदललं, असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये.

हे सगळं वर्षातून निदान दोनदा. यादीत ६२ पदार्थ आहेत. त्यांत १५ धातूंसारखे आणि ४७ सहज उडून जाणारे. आणि डेपो बंद झाला तरी सुटका नाही. बंद झाल्यावरही साधारण ३० वर्षं पाणी तपासत राहायचं. म्हणजे आज चौथीत असलेलं पोर चाळिशीला येईपर्यंत!

शंभर टँकर आणि एक चमचा

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? पाणी हातात घेऊन वास घेतला की कळत नाही का?

नाही कळत. त्या यादीत बेंझिन नावाचा एक पदार्थ आहे. तो पेट्रोलमध्ये असतो, रंगांत आणि डिंकांतही सापडतो. त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हे किती झालं? १० हजार लिटरचे १०० टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या पाण्यात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. एवढ्यानं ना रंग बदलतो, ना वास येतो, ना चव. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. म्हणून डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

करून पाहा

हा प्रयोग आम्ही वर्गात केला. मोठ्यांना सोबत घेऊन तुम्हीही करा.

एक पसरट पारदर्शक डबा घ्या. त्यात धुतलेली वाळू भरा. डब्याच्या एका बाजूखाली वही ठेवून तो थोडा तिरका करा. वरच्या बाजूला वाळूत छोटा खळगा करून त्यात खायच्या लाल रंगाची पूड टाका आणि वाळूनं झाका. हा झाला डेपो. आता सरबताच्या तीन नळ्या घ्या, त्यांच्या खालच्या टोकाला पातळ फडकं दोऱ्यानं बांधा आणि वाळूत उभ्या खोचा. एक रंगाच्या वर, दोन खाली. या झाल्या विहिरी. झारीनं हळूहळू पाऊस पाडा. थोड्या थोड्या वेळानं ड्रॉपरनं प्रत्येक नळीतलं पाणी काढून पांढऱ्या बशीत ठेवा. कुठल्या नळीत रंग आधी येतो? वाळूचा वरचा भाग तेव्हा कसा दिसतो? नोंद करा.

आमच्या वर्गात खालच्या नळीत गुलाबी पाणी आलं, तेव्हा वर वाळू अगदी स्वच्छ दिसत होती. मुलं एकदम गप्प झाली.

चौदा दिवसांत सांगा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. समजा, खालच्या विहिरीत काही सापडलं. मग?

मामांनी नियम सांगितला. हिशेब करून प्रमाण खरोखर वाढलंय असं दिसलं, की १४ दिवसांच्या आत डेपोच्या दप्तरात तशी नोंद करायची (तुमचं दप्तर नव्हे, कचेरीचं!) आणि राज्याच्या अधिकाऱ्यांना कळवायचं. वाढ दुसऱ्याच कारणानं झालीय किंवा तपासणीत चूक झालीय असं दाखवता आलं नाही, तर ९० दिवसांच्या आत जास्त कडक तपासणी सुरू करायची. तीत दोनशेहून अधिक पदार्थ शोधतात. पाणी मर्यादेबाहेर खराब निघालं आणि डेपोची हद्द ओलांडून गेलं, तर त्या जमिनीचे जे मालक आहेत आणि जे तिथं राहतात, त्या सगळ्यांना कळवायचं. आणि साफसफाई कशी करणार हे ठरवण्याआधी लोकांची जाहीर सभा घ्यायची.

"चौदाच दिवस का?" मी विचारलं.

"कारण नियम नसता, तर उद्या सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, असं प्रत्येकानं केलं असतं," तो म्हणाला. "वाईट बातमी सांगायला कुणालाच आवडत नाही. तपासणं सोपं असतं गं, सांगणं अवघड."

अमेरिकेत सगळं छान आणि सुरळीत आहे, असं मात्र समजू नका. उत्तर कॅरोलिनातच ऑरेंज काउंटीत चॅपल हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. १९७२ साली, म्हणजे हे नियम येण्याच्या कितीतरी आधी, तिथं रॉजर्स रोड या वस्तीशेजारी कचरा डेपो सुरू झाला. वस्तीत बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीयांची. घरोघरी विहिरींचं पाणी. दहा वर्षांत डेपो बंद होईल आणि तिथं बाग होईल, असं तेव्हा सांगितलं होतं, हे तिथली माणसं वर्षानुवर्षं सांगत आली. डेपो बंद झाला तो २०१३ साली. तब्बल ४१ वर्षांनी! तोवर लोकांनी सभांना जाऊन, अर्ज करून, नळाचं पाणी आणि गटारं मागून अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला. म्हणजे बघा, नुसता नियम पुरत नाही. विचारणारी माणसंही लागतात.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही नियम आहेत बरं का! २००० साली भारतात शहरांच्या घनकचऱ्याचे नियम झाले आणि २०१६ साली त्यांच्या जागी नवे आले. डेपो सुरू करण्याआधी भूजल तपासून ठेवायचं आणि पुढे डेपोच्या कडेपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासत राहायचं, असं दोन्हींत लिहिलेलं होतं.

पण पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची गोष्ट ऐकली असेल. १९८० च्या दशकापासून पुण्याचा कचरा तिथं जायला लागला. डेपोची जागा वाढत वाढत सुमारे १६३ एकरांवर गेली. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खराब झालं, लोकांना टँकरच्या पाण्यावर राहायची वेळ आली, आणि गावकऱ्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. २०१४ साली गाड्या अडल्या, तेव्हा पुण्यात रस्तोरस्ती कचरा साचला होता. विहिरी खराब झाल्यावर ओरडावं लागणं आणि विहिरीकडे निघालेली घाण वाटेतच पकडणं, यात केवढा फरक आहे!

शिवाय आपली जमीन वेगळी. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. यात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून सारखं सरकत नाही. ते खडकाच्या भेगांतून जातं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकीला घाण पाणी लवकर येतं, दुसरीला येतच नाही. म्हणून इथं एक-दोन विहिरी पाहून भागत नाही.

आमच्या तीन विहिरी

व्हिडिओ कॉल संपल्यावर मुलं मला सोडेनात. "बाई, आपणपण बघू या!" मग ठरलं. आमच्या गावात देवळाजवळ एक विहीर आहे, माळाच्या वर. दुसरी शाळेजवळ, जरा बाजूला. तिसरी त्या मुलीच्या मळ्यात. झाल्या की तीन!

एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यांनी दोन रविवार खर्च करून पाण्याच्या नळीनं तिन्ही विहिरींच्या काठांची उंची टप्प्याटप्प्यानं काढून दिली. मोठ्या माणसांनी दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं. मुलांनी आकडे लिहून घेतले, वजाबाक्या केल्या आणि कागदावर उतार काढला. बाण देवळाकडून निघाला, डेपोखालून गेला आणि मळ्याकडे वळला. त्या मुलीनं कागदाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पाण्याचे नमुने तपासायला न्यायचे ठरले. गावोगावी ग्रामपंचायतीचा एक जलसुरक्षक असतो, ते काका तयार झाले. पण आदल्या दिवशी संध्याकाळी मुलीचे वडील शाळेत आले.

"बाई, पाणी तपासा. पण वाईट निघालं तर कुणाला सांगू नका. उद्या बाजारात माझी भाजी कोण घेईल?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. पाणी त्यांनी खराब केलं नव्हतं आणि नुकसान त्यांचं होणार होतं. मी एवढंच म्हणाले, "अहवाल आला की सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवते. मग तुम्ही ठरवा."

आठवड्यानं अहवाल आला. देवळाजवळचं पाणी चांगलं. शाळेजवळच्या विहिरीत क्षार थोडे जास्त. मळ्यातल्या विहिरीत क्लोराइड देवळाच्या विहिरीच्या दुपटीहून जास्त. क्लोराइड कचऱ्याच्या काढ्यात हमखास असतं आणि ते मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर सरळ चालत जातं. म्हणून तपासणारे त्याच्याकडे लक्ष ठेवतात. पण त्याच पाण्यात आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्ही शोधतच नव्हतो. नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मोठ्यांना ते लगेच बाधत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होऊ शकते. आणि पाणी उकळून ते जात नाही! उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

नायट्रेट कचऱ्यातूनच आलं असं म्हणता येत नाही. ते गोठ्यातून येतं, शेणखतातून येतं, युरियातून येतं. मामांनीही बजावलं, "एका अहवालावर कुणाला दोष देऊ नका. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. धातूंची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतून करून घ्या. पण बाळाचं पाणी मात्र आजच बदला."

मी अहवाल घेऊन मळ्यात गेले. मुलीच्या आईनं तो दोनदा वाचला, आत गेली आणि बाळाच्या दुधासाठी भरून ठेवलेला तांब्या मोरीत ओतून आली. त्या दिवसापासून प्यायचं पाणी देवळाच्या विहिरीवरून येतं. भाजीचं काय, हे आम्ही कृषी सहायकांना विचारलं. ते म्हणाले, "नायट्रेटचं पाणी भाजीला चालतं. उलट युरिया थोडा कमी घाला!"

मुलीचे वडील दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "ग्रामसभेत वाचा. पण तिन्ही विहिरींचं एकत्र वाचा." तसंच वाचलं. मुलांनी काढलेला नकाशा भिंतीवर लावला. सभेनं ठराव केला, की डेपोच्या भोवती तपासणीच्या विहिरी घ्याव्यात आणि अहवाल गावाला द्यावा, असं शहराला पत्र पाठवायचं. पत्र गेलं आहे. उत्तराची आम्ही वाट बघतोय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात तीन माणसं उभी होती, हातात आपापल्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन!

मित्रांनो, तुमच्या गावातही पाणी तपासलं जातं. आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतात. लाल म्हणजे धोका. तुमच्या ग्रामपंचायतीला कुठलं कार्ड मिळालंय, ठाऊक आहे? नसेल, तर आईबाबांना घेऊन कार्यालयात जा आणि विचारा. शहरात राहत असाल, तर तुमचा कचरा कुठल्या गावाला जातो आणि तिथल्या विहिरी कोण तपासतं, ते विचारा. मात्र विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, आणि पाणी चाखून तर मुळीच बघायचं नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिन्ही विहिरी पुन्हा तपासल्या. क्लोराइड तेवढंच आहे, नायट्रेट थोडं उतरलंय. आता उन्हाळ्यात पुन्हा. तारीख मुलांनीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलीय आणि ती पुसायची नाही, अशी मला ताकीद आहे!